आपोआप उठणारं मशीन

शेषरावांच्या घरात लाईट गेली की त्यांची बायको माणिकबाई हातातलं काम टाकून उठते आणि घरभर फिरून एकेक बटण बंद करते. पंखा, टीव्ही, फ्रिज, अंगणातला दिवा. मिक्सरची तर पिनच काढून ठेवते. लाईट परत आली की शेजाऱ्यांचे पंखे गरगरू लागतात आणि यांचं घर मात्र काही वेळ गुमसुमच. मग शेषराव स्वतः उठतात आणि कुठे कुणाचा हात तर नाही ना, हे बघून एकेक बटण दाबतात. अकोल्याबाहेर मोर्णा नदीच्या काठी भाजीपाला पिकवणाऱ्यांची ती वस्ती. तिथली माणसं या प्रकाराची मनसोक्त टिंगल करतात. "शेषरावच्या घरी लाईटले बी विचारून या लागते," म्हणतात. टिंगल करणारे हे सगळेच केशवरावाच्या मयतीला हजर होते, पण दुसऱ्याच्या घरचं दुःख लोकांच्या ध्यानात राहतं तरी किती!

केशवराव म्हणजे शेषरावांचा धाकटा भाऊ. विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरला त्यानं 'ऑटो' बसवून घेतला होता. लाईन, म्हणजे शेतातली वीज, कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून शेतोशेती ही डबी असते. लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते, माणसानं जायला नको. एका दुपारी लाईन नव्हती, म्हणून उंदरानं कुरतडलेली मोटरची वायर विहिरीपाशी बसून केशवराव जोडत होता. तेवढ्यात लाईन आली. ऑटोनं आपलं काम चोख केलं.

वांग्याच्या वाफ्यात खेळणाऱ्या करिश्मानं ते डोळ्यांनी पाहिलं. शेषरावांची ही धाकटी लेक. वायरला चिकटलेला काकाचा हात तिला आजही दिसतो. शेषरावांनी तो ऑटो उपटून फेकला आणि घराला नियम घालून दिला, की मशीन माणसाच्या हातानंच सुरू व्हावं. आपोआप उठणारं मशीन या घरात नको.

करिश्मा अमरावतीला शिकली आणि तिथेच गौरांग सरांच्या लहानशा कंपनीत लागली. सरांच्या घरी पिढीजात भिक्षुकी. त्यामुळे की काय, सर कामाला बसले की पूजेला बसल्यासारखे बसत, आणि मध्ये कुणी बोललं तर हातानंच थांबवत. कंपनीचं काम म्हणजे दवाखाने, शाळा, नांदगाव पेठेतले कापडाचे कारखाने यांचे कॉम्प्युटर अमरावतीत बसून सांभाळणं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे दिसतं त्याच्या मागे काही प्रोग्रॅम कुणाला न दिसता सतत चालू असतात. त्यांना सर्व्हिस म्हणतात. पूर्वी एकेका मशीनवर जाऊन त्या चालू-बंद कराव्या लागत. करिश्मा मात्र एकाच फाईलमध्ये लिहून ठेवायची, की अमुक सर्व्हिस चालू असली पाहिजे. या फाईलला प्लेबुक म्हणतात. ते सोडलं की सगळ्या मशीनवर फिरून येतं, बंद असेल ती सर्व्हिस चालू करतं आणि सगळं ठीक असलं की पडद्यावर हिरव्या ओळी उमटवतं. हिरव्या ओळी बघितल्या की करिश्माचा जीव थंड व्हायचा.

त्या फाईलमध्ये आणखी एक ओळ असते. लाईट जाऊन मशीन पडलं, म्हणजे बंद झालं, आणि पुन्हा उठलं, तर सर्व्हिसनं आपोआप उठायचं की नाही? सगळं जग तिथे 'हो' लिहितं. करिश्मा 'नाही' लिहायची.

"अगं, उठू दे ना त्यांना त्यांचं त्यांचं," गौरांग सर एकदा म्हणाले होते.

"सर, लाईट गेल्यावर मशीन कोणत्या हालतीत उठलं ते आधी मानसानं पाहावं. मंग चालू करावं."

ऐकायला शहाणपणाचं होतं आणि सरांना पुढचा फोन घ्यायचा होता. पद्धत चालूनही गेली. कारखान्यात काही बंद पडलं की मिनिटात फोनवर आरडाओरडा सुरू व्हायचा, मग करिश्मा मशीन नीट तपासून सर्व्हिस सुरू करायची. ओरडणारी माणसं असली की अशी पद्धत खपते. गेल्याच आठवड्यात तिनं सगळ्या गिऱ्हाइकांच्या मशीनवर एकसारखी साफसफाई केली, आणि जिथे जिथे जुन्या माणसांनी 'हो' लिहून ठेवलं होतं तिथे 'नाही' करून टाकलं. ओळी हिरव्याच आल्या. त्या वेळी सगळं चालूच तर होतं.

तिच्या दादाला, शेखरला, त्याच आठवड्यात मुलगी झाली. आचलवहिनीला सातव्याच महिन्यात कळा सुरू झाल्या. ओंजळीत मावेल एवढं बाळ, अकोल्याच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेलं. इतकी लहान बाळं मधूनच श्वास घ्यायचं विसरतात. मग सिस्टरनं तळपायावर टिचकी मारायची, की बाळ दचकतं आणि पुन्हा श्वास घेतं. पेटीजवळ वाजणारा बारीक इशारा काचेपलीकडे फारसा ऐकू येत नाही. म्हणून बाळाच्या पायाची वायर कॉम्प्युटरला जोडलेली, आणि श्वास थांबला की सिस्टरच्या टेबलावर मोठी घंटा वाजायची. ती घंटा वाजवणारी सर्व्हिस करिश्माच्या ताब्यातल्या मशीनवर होती. "ते घंटी आमची पोरगी अमरावतीवरून सांभाळते," हे माणिकबाईनं बाहेरच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकीला सांगून झालं होतं. घंटा वाजली की बाकावरच्या सगळ्यांचे श्वास अडकायचे. दिवसातून बरेचदा वाजायची.

त्या दुपारी शेखरचा फोन आला. आवाजात कित्येक दिवसांनी हसू होतं.

"करिश्मा, आज लय शांत हाय बाप्पा. सकायी लाईट गेली होती. जनरेटर लावेपर्यंत सगळे कॉम्प्युटर पडले, मंग आपोआप उठले. तवापासून घंटी एकडाव बी वाजली नाई. आई म्हणते, पोट्टी सुधरून राहिली."

बाहेर ऊन रणरणत होतं आणि तिच्या अंगावर काटा आला. मशीन पडलं, मशीन उठलं, पडदा लागला. घंटेची सर्व्हिस मात्र उठली नसणार. कारण तिला उठू नको म्हणून सांगितलेलं होतं, आणि ते सांगणारी ती स्वतः होती. सकाळपासून तिथे पेट्यांमध्ये बाळं होती आणि त्यांच्यावर कान ठेवणारं कुणी नव्हतं. कारखान्यासारखं फोन करून ओरडायला त्या बाळांना येत नव्हतं.

तिनं फोन कापला. एका हातानं दवाखान्याचा नंबर लावला, दुसऱ्या हातानं ते मशीन उघडायला घेतलं. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला.

"हॅलो, बाळांचा वार्ड. सिस्टर गीतांजली बोलून राहिली."

"सिस्टर, मी करिश्मा. अमरावतीवरून, कॉम्प्युटरवाली. बाळांपाशी कोन हाय?"

"सध्या मीच हावो, इथं टेबलावर. काहून?"

"तुमची घंटी बंद हाय."

"बंद काहून राहीन? पडदा तर चालू दिसते. वाजली नाई, कारन बाळं मस्त झोपून हायेत आज."

"सिस्टर, पडदा चालू हाय, घंटी बंद हाय. माह्या हातून झालं. तुमी आत जा, एकेका बाळाले पाहा. लवकर जा व माय, पाया पडतो तुमच्या!"

तेवढ्यात मशीन उघडलं. सर्व्हिसच्या नावापुढे लिहिलेलं होतं, बंद. करिश्मानं ती चालू केली. चालू होताना घंटा आपण जागी आहोत हे सांगायला एकदाच वाजते. फोनमधून ती ऐकू आली. करिश्मानं श्वास सोडला.

आणि घंटा थांबलीच नाही. वाजतच राहिली.

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आदळला. चपलांचा आवाज धावत दूर गेला. एक दार ढकललं गेलं. मग फक्त घंटा. करिश्मा खुर्चीतून खाली सरकून फरशीवर बसली, फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून. गौरांग सर केबिनमधून बाहेर आले आणि तिचा चेहरा बघून जागीच उभे राहिले. तिला वांग्याचा वाफा दिसत होता, विहिरीचा काठ दिसत होता, आणि काकाच्या हाताच्या जागी एक इवलासा पाय, वायर बांधलेला. देवा, आमची नको, असं ती पुटपुटत होती. आमची नको, आमची नको.

घंटा थांबली. श्वास आला म्हणून थांबली, की पाय हलायचाच राहिला म्हणून कुणी वायर काढली, हे फोनवरून कळायला मार्ग नव्हता. बराच वेळ कुणी आलं नाही.

मग सिस्टरचा आवाज आला, धापा टाकत. "घेतला. श्वास घेतला त्यानं. निळं पडलं होतं, बाई. अजून थोडा उशीर झाला असता तर माह्याच्यानं काई झालं नसतं."

"कोनाचं?" करिश्मानं विचारलं.

"धारणीकडच्या बाईचं पोट्टं. तुमची पोट्टी बरी हाय."

करिश्माला एकदम हलकं वाटलं. आपली नव्हती. ते हलकं वाटणं तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःची इतकी शिसारी आली, की ती तोंडावर हात दाबून मोरीकडे पळाली.

परत येऊन तिनं गौरांग सरांना सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. सर रागावले नाहीत, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. "आधी सगळीकडची ती ओळ बदल," ते म्हणाले. "दवाखान्याला मी सांगतो, आपली चूक आहे म्हणून." तिनं 'नाही'चं 'हो' केलं आणि प्लेबुक सोडलं. ओळी हिरव्या आल्या. ती बघत राहिली. गेल्या आठवड्यातही त्या हिरव्याच होत्या.

"सर, लाईट काढून पाहिल्याशिवाय खरं कळनार नाई. मले अकोल्याले जा लागते."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यानं परवानगी दिली. प्रत्येक पेटीजवळ एकेक सिस्टर उभी राहिली, डोळे बाळाच्या छातीवर. काचेपलीकडे बाकावर माणिकबाई होती, आणि तिच्या शेजारी धारणीची ती बाई. दोघी एकाच फडक्यातली भाकरी खात होत्या. काल काय झालं ते डॉक्टरांनी त्या बाईला सांगितलं होतं, पण चूक कॉम्प्युटरची असं ती समजून होती. करिश्माला बघून ती कौतुकानं हसली. "हेच का घंटीवाली?" असं तिनं माणिकबाईला विचारलं. करिश्मा तिच्यापाशी गेली, खाली बसली, आणि चूक कॉम्प्युटरची नव्हती, आपली होती, हे तिनं तिला सांगितलं. बाईचं हसू मावळलं. हातातला तुकडा तिनं परत फडक्यात ठेवला.

शेषराव भिंतीला टेकून हे ऐकत होते. आदल्या संध्याकाळी लेकीनं त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं, 'नाही' काहून लिहिलं तेसुद्धा. आता ते तिच्या मागोमाग टेबलापर्यंत आले. सिस्टरनं अडवलं नाही.

करिश्मानं कॉम्प्युटरच्या लाईटच्या वायरला हात घातला आणि तो तिथेच राहिला. ओढवेना. पुन्हा उठलं नाही तर? शेषरावांनी आपला मातीनं भेगाळलेला हात तिच्या हातावर ठेवला. दोघांनी मिळून वायर ओढली.

पडदा काळा झाला. आत सिस्टर वाकल्या. बाहेर बाकावरची माणसं उठून काचेपाशी आली. करिश्मानं वायर परत लावली आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले, कारण आता कशालाही हात लावायचा नव्हता. पडद्यावर अक्षरं सरकू लागली. थांबली. पुन्हा सरकली. दवाखान्याचं चित्र आलं. कालसारखंच, सगळं ठीक असल्यासारखं. घंटा गप्प होती.

शेषरावांनी लेकीचं मनगट घट्ट धरलं. केशवराव गेल्यापासून ज्या माणसानं एकही मशीन आपल्या हाताशिवाय सुरू होऊ दिलं नव्हतं, तो त्या डबड्याकडे टक लावून बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. "ऊठ," तो म्हणत होता. "ऊठ ना बावा. ऊठ."

घंटा एकदा वाजली आणि थांबली.

"उठलं का?" शेषरावांनी विचारलं.

"उठलं, बाबा. आपोआप उठलं."

आतून सिस्टर गीतांजलीनं मान हलवून सगळी बाळं बरी असल्याची खूण केली. काचेपाशी उभी असलेली धारणीची बाई वळली आणि एवढ्या वेळात पहिल्यांदाच करिश्माशी बोलली.

"अजून एकडाव वायर काढून पाह," ती म्हणाली.

करिश्मानं पुन्हा वायरला हात घातला.