निराळ्या ग्लासाची खूण

"सुजाता, बाटलीत इतक्या गोळ्या उरल्याच कशा?" मी विचारलं. सातवा महिना लागलेली ती पोरगी समोर बसली होती. शेजारी तिची सासू, कुरुंद्याच्या गयाबाई.

मी हिंगोलीत सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची काउन्सेलर आहे. गरोदर बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की तिला धीर द्यायचा, एआरटीच्या गोळ्या चालू करून द्यायच्या, हे माझं काम. गोळी रोज घेतली तर विषाणू दबून राहतो आणि बाळाला लागण होण्याची भीती अगदी थोडी उरते. चुकवली तर वाढते. इथं नवरा-बायको दोघंही पॉझिटिव्ह. सासूला सुजातानं स्वतःच सांगितलं होतं. पेशंटच्या परवानगीशिवाय मी कुणापुढं तोंड उघडत नाही.

"माझ्या ग्लासाला मामींनी लाल नखपालिश लावलंय," सुजाता सासूकडं बघत हळूच म्हणाली. "शेजारीण इचारती, हा निराळा काहून? मंग त्याला हातच लावू वाटत न्हाई." म्हणजे पाणी नाही, आणि गोळीही नाही.

"आणि लेकाचा ग्लास?" मी गयाबाईंना विचारलं.

"त्याचा काहून? पोरगंच हाय ते."

घ्या! म्हणजे आजार एकच, पण बाधतो फक्त सुनेचा.

मी माझी हमखास युक्ती काढली. सुजाताला प्यायला दिलेल्या ग्लासातलं तिचं उष्टं पाणी उचलून सरळ पिऊन टाकलं. गयाबाई ढिम्म.

"तुमाला त्याचा पगार हाय," त्या म्हणाल्या.

मला हसू आवरेना. बाई दुष्ट नव्हती हो. सुनेसाठी डब्यात शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली होती. नुसती घाबरली होती. मग मी सहज विचारलं, "तो ग्लास धुतं कोण?"

"तिचा तीच धुती. आमच्या लहानपणी हॉटेलात आमच्या जातीचे कप निराळेच राहायचे. भाईर ठेवलेले. चहा पिला की आमीच धुऊन..."

बाई मधेच थांबल्या. गयाबाईंनी सुनेकडं पाहिलं. डोळ्यांना पदर लावला.

"लई वंगाळ केलं म्या," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "म्याडम, नखपालिश कशानं निघतंय?"

त्यानंतर आजार कशानं होतो आणि कशानं होत नाही, हे मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या खेपेला बाटलीत एकही जास्तीची गोळी नव्हती.

सुजाताला मुलगी झाली. दीड वर्षाची झाल्यावर तिची शेवटची तपासणी केली. निगेटिव्ह. मला रडूच आलं. गयाबाई मात्र नातीला कडेवर घेऊन रुबाबात म्हणाल्या, "मला ठावंच व्हतं. सून माझी गोळीला लई बराबर. पोरगंच कटाळा करून राहिलं. त्याला बोलवा अन् चांगलं झापा."

सासू एकदा आपल्या बाजूला आली, की काउन्सेलरचं काम कमी होत नाही, वाढतं.