डेल्फीनच्या पंगतीत आग्रह नसतो

आमच्या शेजारी डेल्फीन राहते. वय सत्तरीच्या पुढे, उंची बेताची, आवाज मात्र मशीनच्या खडखडाटावर चढवून चढवून कमावलेला. इथल्या ट्रॉय शहराजवळच्या एका कारखान्यात तिने निवृत्त होईपर्यंत मोटारींच्या सीटची कव्हरं शिवली. नवरा त्याच कारखान्यात होता. तो जाऊनही आता बराच काळ झाला. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मी तिला आडनावाने, मिसेस म्हणून हाक मारली होती. ती म्हणाली, "मिसेस म्हणजे माझी सासू. ती काही फार चांगली बाई नव्हती. मी डेल्फीन."

ती ओजिब्वे आहे, म्हणजे गोरे येण्याआधीपासून या भागात राहणाऱ्या मूळ लोकांपैकी. पहिली काही वर्षं मला हे ठाऊकच नव्हतं. माझ्या मुलीचा, केयाचा, गणपतीतल्या नाचासाठीचा घागरा लांब होत होता म्हणून तो घेऊन मी तिच्याकडे गेले, तर तिच्या मशीनशेजारी नारिंगी शर्टांचा ढीग. कशासाठी म्हणून विचारलं. टाचण्या ओठांत धरूनच तिने सांगितलं की सप्टेंबरअखेर त्यांच्या लोकांचं एक संमेलन असतं. लहानपणी ज्यांना घरातून उचलून निवासी शाळांत नेलं आणि जे त्यातून जिवंत बाहेर आले, त्यांचा त्या दिवशी मान करतात. जे आले नाहीत त्यांची आठवण काढतात. त्या दिवशी सगळे नारिंगी घालतात, शर्ट त्यासाठी.

"तू होतीस अशा शाळेत?"

"मी आणि माझी धाकटी बहीण. वर उत्तरेला, सरोवराच्या काठी. नन्स चालवायच्या."

केया स्टुलावर उभी होती. डेल्फीन घेराभोवती टाचण्या लावत फिरत होती आणि बोलत होती. पहिल्या दिवशी केस कापले. घरची भाषा बोललं की मार. जेवताना ताट संपल्याशिवाय उठायचं नाही, नन पाठीशी उभी. ओकलं तर ओकलेलंही संपवायचं. एवढं सांगून तिने मान वर केली आणि विचारलं, "कमरेत सैल ठेवू का? वाढतं वय आहे."

त्या रात्री केयाने भात टाकला तेव्हा मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बोलू लागले. आईच ना मी.

संमेलनाचं जेवण दर वर्षी डेल्फीन करते. जंगली तांदळाचं सूप, मासे, मक्याचं काही, भात, तळलेले पाव. मदतीला माणसं असतात, पण नियम तिचे. वडीलधाऱ्यांना रांगेत उभं करायचं नाही, तरुण मुलांनी त्यांचं ताट आणून द्यायचं. पण आणण्याआधी विचारायचं, काय हवं आणि किती. ताट ठेवलं की तिथून निघून जायचं. "खा", "अजून घ्या", "संपवा" यातलं एकही बोलायचं नाही. आणि कचऱ्याचा डबा दाराआड नाही, हॉलच्या मध्यभागी, झाकण काढून. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते गबाळं वाटलं होतं.

जेवणानंतर शाळांतून आलेल्या प्रत्येकाचं नाव पुकारतात. तो माणूस पुढे जातो, स्वतःचं नाव, शाळेचं नाव सांगतो, आणि त्याच्या खांद्यांवर ब्लँकेट पांघरतात. आपल्याकडे शाल देतात तसंच. डेल्फीन मात्र त्या वेळी कधी स्वयंपाकघराबाहेर यायची नाही. भांडी घासत बसायची.

कारण तिची बहीण रोझेला. रोझेलाचं म्हणणं, शाळेत तसं काही झालंच नाही. घरी खायला नव्हतं, तिथे मिळालं. लिहायला-वाचायला आलं. नन्स कडक होत्या, बस्स. आईच्या अंत्यविधीला दोघींचं यावरून वाजलं. रोझेला सगळ्यांदेखत म्हणाली होती की डेल्फीनला रडगाणं गायला आवडतं. त्यानंतर नाताळला कार्डं तेवढी जायची-यायची.

"मी पुढे जाऊन ते सांगितलं," डेल्फीन मला म्हणाली होती, "तर मी रोझला खोटं पाडते. ती तिथे नसताना. ते मला जमत नाही."

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ती कुंपणापाशी आली. हातात टोमॅटो होते, ते द्यायचेच विसरली.

"रोझ येतेय संमेलनाला. स्वतःहून फोन केला."

"अरे वा!"

"मी कमिटीला सांगितलंय, या वर्षी माझं नाव पुकारा. रोझ शेजारी बसली असेल तर मी जाईन." मग टोमॅटो दुसऱ्या हातात घेत, "तिने काही बोलायची गरज नाही. नुसतं बसायचं. ती बसली म्हणजे झालं."

संमेलन शनिवारी होतं. केया तिथे व्हॉलंटियर होती. तिला नुकतंच लायसन्स मिळालेलं, आणि हॉल फ्रीवेवरून पलीकडे. मी म्हटलं, मी येते.

"मम्मा, इट्स लाइक ट्वेंटी मिनिट्स."

"ट्रक असतात शनिवारी."

"ट्रक रोजच असतात!"

माझ्या सासूबाई नागपूरहून आलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी काय घरात भिंती बघत बसू? मीही येते." तर आम्ही तिघी निघालो. गाडी मी चालवली. केया वाटभर फोनमध्ये डोकं घालून होती.

जाताना सासूबाईंना मी थोडं सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे आपल्या आश्रमशाळेसारखं का?" मी म्हटलं, दिसायला तसं, पण इथे घरचं सगळं विसरायला लावण्यासाठीच नेत. केस कापत, भाषा बंद. जेवणाचं मी त्यांना सांगितलं नाही. का नाही, कोण जाणे. एक्झिट जवळ आली होती आणि मला लेन बदलायची होती.

हॉलमध्ये दाराजवळच्या टेबलावर एक ताट मांडलेलं होतं. प्रत्येक पदार्थ थोडा थोडा, गेलेल्यांसाठी. सासूबाई तिथे थांबल्या. पितृपक्ष चालू होता. "बघ," त्या खूश होऊन म्हणाल्या, "यांच्यातही पान वाढून ठेवतात." त्यांनी ताटाला नमस्कार केला. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहून टोपी काढली.

रोझेला वेळेवर आली. डेल्फीनसारखंच नाक, पण बारीक, ताठ, केस नीट विंचरलेले, अंगात निळा स्वेटर. नारिंगी शर्ट तिने घातला नव्हता. डेल्फीन एप्रनला हात पुसत बाहेर आली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"जाड झालीस," रोझेला म्हणाली.

"तू नाही झालीस. अजूनही हाडंच."

"रस्त्यात फार काम चालू आहे. वाटभर नारिंगी शंकू लावून ठेवलेत नुसते."

"हो, ते उन्हाळाभर आहे."

एवढंच. मग डेल्फीनने तिला पुढच्या टेबलाकडे नेलं, आपल्या खुर्चीशेजारच्या खुर्चीवर. रोझेलाने त्या टेबलावरची 'शाळांतून आलेल्यांसाठी' ही पाटी वाचली आणि म्हणाली, "मी मागे बसते. तिथे हवा आहे." आणि मागच्या टेबलावर एकटीच जाऊन बसली. डेल्फीन दोन्ही खुर्च्यांच्या मध्ये क्षणभर उभी राहिली, मग स्वयंपाकघरात परत गेली. मी आत कांदा चिरत होते. तिने माझ्या हातातली सुरी घेतली आणि स्वतः चिरायला लागली.

"बसेल ती पुढे," मी म्हटलं. "जेवण होऊ दे."

"हं," ती म्हणाली.

जेवण सुरू झालं. मुलं ताटं पोचवत होती. केयाने रोझेलाला रीतीप्रमाणे विचारलं आणि सांगितलं तेवढंच आणलं: सूप, माशाचा एक तुकडा. ठेवून ती पुढच्या माणसाकडे गेली. सगळं ठीक चाललं होतं.

सासूबाईंचं माझ्या लक्षात आलं नाही. त्यांची त्या दिवशी एकादशी होती, स्वतः जेवायच्या नव्हत्या, त्यामुळे वाढायला मोकळ्या. मागच्या टेबलावर एक हडकुळी बाई एकटीच, ताटात जेमतेम एक तुकडा, आणि कोणी विचारत नाही. आपल्याकडच्या बाईला हे बघवतं का? त्यांनी तळलेल्या पावांचा ट्रे उचलला, भाताचं भांडं घेतलं आणि रोझेलाच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मी बाहेर आले तेव्हा रोझेलाचं ताट भरलेलं होतं. सासूबाई हसतमुखाने, एक हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवून म्हणत होत्या, "ईट, ईट. टेक वन मोअर. नो वेस्ट, हं! नो वेस्ट." आणि आणखी एक पाव.

रोझेला जेवत होती. मान खाली, डावा हात ताटाभोवती वळवलेला. पहिला घास गिळायच्या आत दुसरा. चावत नव्हती, कोंबत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती, कारण पुसायला हात मोकळा करावा लागला असता. सासूबाईंना वाटलं, भूक लागली होती बिचारीला. त्यांनी आणखी भात घातला.

"आई, नका," मी म्हटलं. "आई, बाजूला या."

"अगं, जेवतेय ती. जेवू दे की."

"आई, या इकडे. आत्ता."

माझा आवाज चढला असावा. केया वळली. स्वयंपाकघराच्या दारात डेल्फीन आली. तिने बहिणीकडे पाहिलं आणि टेबलांमधून वाट काढत निघाली. मी सासूबाईंचा दंड धरून त्यांना दोन टेबलं अलीकडे ओढलं आणि मराठीत घाईघाईने सांगितलं, शाळेत काय करायचे ते. सगळं. ओकण्याचंही.

सासूबाईंनी ट्रे खाली ठेवला. "मग तू गाडीत का नाही बोललीस?" एवढंच म्हणाल्या.

डेल्फीन रोझेलाच्या समोर बसली. पाठीशी नाही, समोर. रोझेलाचे घास चालूच होते.

"रोझ. राहू दे."

रोझेलाने मान हलवली. तोंड भरलेलं.

"रोझी. इथे तुला कोणी उठवणार नाही आणि बसवणारही नाही."

"संपत आलंय," रोझेला म्हणाली. संपत आलं नव्हतं. अर्धं ताट तसंच होतं.

डेल्फीनने ताटाला हात लावला नाही. मला वाटलं होतं ती ओढून घेईल. मी असते तर घेतलं असतं. ती फक्त म्हणाली, "डबा तिथे आहे," आणि हॉलच्या मध्याकडे हनुवटी केली.

आजूबाजूची माणसं आपापलं जेवत होती. त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना टेबलाकडे न बघताच कळलं होतं, आणि म्हणूनच ते बघत नव्हते. मग रोझेला उठली. ताट दोन्ही हातांत धरून डब्यापाशी गेली आणि तिथे थांबली. मागे वळून पाहिलं. मागे आपली बहीण, दोन टेबलं अलीकडे आम्ही, कोपऱ्यात ड्रम वाजवणारे चहा पीत उभे. तिने ताट डब्यात टाकलं. उभीच राहिली, जणू काही ऐकू येतंय का बघत होती.

"बघ," डेल्फीन मागून म्हणाली. "कोणी आलं नाही."

रोझेला परत येऊन खुर्चीत बसली. तोंड पुसलं. "तू माझा मासा संपवायचीस," ती म्हणाली. "टेबलाखालून. तू आजारी पडलीस तेव्हा कोणी नव्हतं."

"माहीत आहे."

"मी हे कोणाला सांगत नाही."

"नको सांगूस."

"मी पुढे येणार नाही, डेल. त्या टेबलावर नाही बसणार."

डेल्फीनने मान हलवली. एप्रनची गाठ सोडायला लागली होती, ती तिने परत बांधली. "ठीक आहे. मग मीही भांडी घासते. खूप पडलीत."

रोझेलाने तिच्याकडे रोखून पाहिलं. "मूर्ख बाई," ती म्हणाली. "मी तीन तास गाडी हाकत आले ते तुला भांडी घासताना बघायला? जा. मी इथून बघते."

"मी पुढे गेले तर काय सांगेन, ठाऊक आहे ना तुला?"

"तुझं तू सांग. माझं सांगू नकोस."

नावं पुकारायला सुरुवात झाली. पुकारणारा एक सडपातळ तरुण होता, दोन्ही खांद्यांवर वेण्या. डेल्फीनचं नाव आलं तेव्हा स्वयंपाकघरातल्या बायका कामं सोडून बाहेर आल्या, कारण हे नाव तिथे आजवर कोणी पुकारलेलं नव्हतं. डेल्फीन एप्रनसकटच गेली. माईक हातात घेतला नाही. तिला लागत नाही. आपलं नाव सांगितलं, मग शाळेचं. तिथे थांबली. बाकीचे लोक इथे "मी आणि माझा भाऊ", "आम्ही चौघं" असं सांगत आले होते. डेल्फीनचं तोंड उघडलं होतं, आणि ती काय म्हणायची राहिली आहे ते सगळ्यांना दिसत होतं. तिने तोंड मिटलं.

"एवढंच," ती म्हणाली. "मी होते तिथे."

दोघांनी मिळून ब्लँकेट उघडलं आणि तिच्या खांद्यांवर घातलं. ड्रम सुरू होणार, एवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रोझेला उभी होती. एका हाताने टेबल धरलेलं, निळा स्वेटर गळ्यापर्यंत बंद.

तिने आपलं नाव सांगितलं. पूर्ण, आईवडिलांनी ठेवलेलं, लग्नाआधीच्या आडनावासकट. शाळेचं नाव घेतलं नाही. थोडा वेळ उभी राहिली आणि खाली बसली.

वेण्यांच्या तरुणाने कागदावर पाहिलं नाही. ते नाव तिथे नव्हतंच. त्याने मोठ्याने, जसंच्या तसं, ते पुन्हा उच्चारलं, आणि मग पुढचं नाव पुकारलं.