माहेरी आलेली कंपनी

कायद्याच्या लेखी कंपनी ही एक व्यक्ती असते. पण तिला घरचं माणूस मानणारा अख्ख्या बडोद्यात एकच, तो म्हणजे माझे मामेसासरे. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिथे तिने मसाल्यांची कंपनी काढली. परराज्यातल्या कंपनीला गुजरातेत माल ठेवून विकायचा तर इथे जागा, दारावर पाटी आणि जीएसटीची वेगळी नोंदणी लागते. असल्या नोंदण्या करून देणं हा माझा इथल्या अलकापुरी भागातला धंदा. जागेचा विषय निघताच मामांनी बैठकीची खोली देऊन टाकली. "मुलगी सासरी गेली, कंपनी तरी माहेरी येऊ दे," म्हणाले. नोंदणीत मोबाइल नंबरही हट्टाने स्वतःचाच घालायला लावला.

तेव्हापासून मामा दहा ते सहा इस्त्रीचा शर्ट घालून झोपाळ्यावर बसतात. शेजारच्या बेन कोथिंबीर मागायला आल्या तर "ऑफिस टाइममां नहीं" म्हणून त्यांना सहानंतर बोलावतात. पाटीला सणासुदीला हळदकुंकू लागतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "काका, अहीं बेसे छे कोण?" "हुं ने आ कंपनी," मामा आधी स्वतःकडे, मग पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "तमे पण बेसो." साहेबांना पोहे खाल्ल्याशिवाय उठता आलं नाही. नोंदणी मात्र रीतसर झाली.

खरी गंमत ओटीपीची. दर महिन्याला विवरणपत्र भरताना ओटीपी मामांच्या मोबाइलवर यायचा आणि तो विचारायला मुलगी पुण्याहून मामांना फोन करायची. मामा तो सहजासहजी देत नसत. आधी जेवलीस का, मग जावईबापूंचा खोकला, मग डभोईच्या आत्याची खबर. तोवर ओटीपीची मुदत संपे.

"बाबा, आता नवा मागवावा लागेल."

"मागव की. सरकारकडे काय कमी आहेत?"

शेवटी वैतागून तिने मला सांगितलं, "भावजी, तेवढा नंबर बदलून माझा घाला." मी बदलला, पण मामांना सांगायचा धीर झाला नाही. पुढच्या महिन्यात विवरणपत्र भरायच्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. मामा सकाळपासून मोबाइल मांडीवर घेऊन बसले होते. ओटीपी येणार नव्हता, म्हणजे फोनही येणार नव्हता, आणि हे त्या घरात एकट्या मलाच ठाऊक होतं. फार वाईट वाटत होतं.

इतक्यात मुलीचा फोन आला. मामांनी नेहमीप्रमाणे स्पीकर लावला.

"बाबा, ओटीपी सांगता ना?"

मामांनी एकदा मोबाइलकडे पाहिलं. तिथे काहीच आलं नव्हतं. त्यांनी जेवण, खोकला, आत्या, सगळं सावकाश बोलून घेतलं आणि मग मनचेच सहा आकडे एकेक करून सांगितले.

पलीकडून तिने ते आकडे एकेक करून पुन्हा म्हणून दाखवले. मग म्हणाली, "हो बाबा, बरोबर आहे. चालला."