विमलताईंनी सिरियल काहून सोडली

नाटकवाल्यांचे किस्से तालमीत कमी आणि तालमीनंतरच्या चहावर जास्त जमतात. आमच्या नागपूरच्या मंडळात तर विमलताई टीव्हीची सिरियल अर्ध्यात सोडून आल्यापासून दुसरा विषयच नाही. ज्याला विचारावं त्याच्याकडे वेगळं कारण! मी कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी करतो आणि मंडळात लाइट सांभाळतो. ताईंच्या शूटिंगपायी दोनदा मुंबईला जाऊन आलो, म्हणून माझ्याजवळचे किस्से एकतर पाहिलेले आहेत, नाहीतर ताईंच्याच तोंडून ऐकलेले.

*

विमलताई नागपूरजवळच्या खापा गावच्या. शाळेत शिक्षिका होत्या, आता रिटायर. वीसेक वर्षं झाली, बसनं नागपूरला तालमीला येतात. सिरियलवाल्यांना विदर्भातली तोंडाळ आजी हवी होती, म्हणून मी ताईंच्या घरी जाऊन मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढला. पाठ केलेला उतारा सुरू करणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांब गा, गॅसवर दूध ठेवून आली मी." आणि उठून गेल्या.

चुकून तोच तुकडा मी मुंबईला पाठवला. तासाभरात फोन आला, "हीच आजी पाहिजे."

*

पहिल्या दिवशी सेटवर मी होतो. सिरियलचा लेखक विदर्भात कधी आलेला नव्हता. आमच्याकडे 'ला'चा 'ले' होतो एवढं ऐकून त्यानं आजीच्या प्रत्येक शब्दाला 'ले' चिकटवून ठेवला होता. पहिलाच डायलॉग होता, "मी घरले बसून चहाले पिते."

ताईंनी पर्समधून लाल पेन काढला आणि पानभर खुणा केल्या. "साहेब, 'ले' म्हणजे काय मीठ आहे का? दिसलं तिथं टाकून राहिले तुम्ही."

सगळे हसले, लेखकही हसला. पण दुसऱ्या आठवड्यापासून ताईंचे डायलॉग कमी व्हायला लागले. दिग्दर्शक म्हणाला, "ताई, तुमची भाषा गोड आहे, पण बाकीच्या महाराष्ट्राला कळली पाहिजे."

*

तिसऱ्या महिन्यात सिरियलमधली आजी जिन्यावरून पडली. लकवा झाला, वाचा गेली. ताईंना चाकांच्या खुर्चीत बसवलं.

ताईंनी विचारलं, "कवापर्यंत?"

दिग्दर्शक म्हणाला, "कथा कशी जाते त्यावर आहे. तुम्ही फक्त डोळ्यांत पाणी आणा."

दोन महिने ताई खुर्चीत बसून रडल्या. खाप्यात त्यांचे यजमान देवरावजी एकही भाग चुकवत नसत. ते फोनवर म्हणाले, "पस्तीस वर्षांत एवढी चूप नाही पाहिली तुले." बिचारे गमतीनं म्हणाले होते. ताईंनी फोन ठेवून दिला.

शेजारच्या काकू तर मालिशचं तेल घेऊन देवरावजींकडे आल्या. "मुंबईले पाठवून द्या. तिथं असं भेटत नाही."

*

मी दुसऱ्यांदा गेलो तो याच दिवसांत. सकाळी ताई राहायच्या तिथल्या कँटीनमध्ये बसलो होतो. चहावाल्यानं साखर किती विचारलं. ताईंनी एक बोट वर केलं. पोहे की उपमा विचारलं, तर ताटलीकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं, "ताई, गळा बसला का?"

त्या आपल्या बोटाकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "गळा ठीक आहे गा. काल सकाळपासून मी कोणाशीच बोलली नाही. अन् ते माझ्या ध्यानातही आलं नाही."

त्याच दिवशी त्यांनी काम सोडत असल्याचं सांगून टाकलं. करार वर्षाचा होता, सात महिने बाकी होते. तिथला मॅनेजर समजावायला आला. "ताई, लोक एका सीनसाठी चकरा मारतात. तुम्हाला रोज काम आहे, आणि पाठ तर काहीच करायचं नाही."

"म्हणूनच जाते," ताई म्हणाल्या.

*

करारातल्या नोटिशीप्रमाणे ताईंनी आणखी एक महिना काम केलं. नंतर खुर्चीत दुसरी बाई बसली. आम्हाला वाटलं, प्रेक्षक चिडतील. आमच्या मंडळाचे दिग्दर्शक बापू म्हणाले, "खुर्ची तीच आहे ना? मग कोणी काही म्हणत नाही."

खाप्यात शेजारच्या काकूंनी ताईंना अंगणात देवरावजींशी भांडताना ऐकलं आणि समाधानानं म्हणाल्या, "तेल लागू पडलं म्हणायचं."

*

मागच्या महिन्यात रविवारी दुपारी आमच्या नव्या नाटकाचा प्रयोग होता. त्यात पहिला अर्धा अंक ताई एकट्याच बोलतात. प्रयोग संपल्यावर मी वायरी गुंडाळत होतो, तेव्हा एक बाई नवऱ्याला धरून विंगेत आली. नरखेडकडच्या एका गावातली, घरचा संत्र्याचा बगीचा. नवऱ्याला चार वर्षांपूर्वी लकवा झालेला. उजवा हात गेला होता आणि बोलणंही. मी त्याला खुर्ची दिली.

बाई ताईंना म्हणाली, "टीव्हीत तुम्हाले यांच्यावाणीच झालं होतं. मग ती दुसरी बाई बसवली, तवा मी यांले म्हटलं, ह्या बऱ्या झाल्या वाटते. आज तर किती बोलल्या तुम्ही. कोणत्या डॉक्टरले दाखवलं?"

मी मध्ये पडणार होतो. ताईंनी मला हातानं थांबवलं आणि त्या माणसासमोर पायरीवर बसल्या.

"मले काही झालंच नव्हतं वं माय. ते सगळं खोटं होतं."

बाईचा चेहरा उतरला. "दोन बस बदलून आणलं मी यांले," एवढंच ती म्हणाली.

नवऱ्यानं डाव्या हातानं ताईंच्या तोंडाकडे बोट दाखवलं. ते बायकोला कळलं. "करून दाखवा म्हणून राहिले. टीव्हीत करत होत्या तसं."

ताईंनी केलं. मान कलती केली, ओठांची उजवी बाजू खाली सोडली. आम्ही टीव्हीवर रोज पाहिलेलं तेच तोंड.

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग हात लांबवून अंगठ्यानं ताईंचा ओठ आणखी खाली ओढला. बायको त्याचा हात धरायला धावली. ताईंनी डोळ्यांनीच 'राहू द्या' म्हटलं. त्यानं गाल आत दाबला आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं.

"असं?" ताईंनी तशाच तोंडानं विचारलं. शब्द नीट उमटलाच नाही.

त्यानं पुन्हा मान हलवली आणि अंगठा पुढे केला.