तिन्ही आकडे सारखे

एका चांगल्या माणसाचं नाव मी सुवाच्य अक्षरात बुडवलं. त्याच्या वाईटावर नव्हते हो, भलं करायला गेले होते. नातवंडं मला फार हुशार आजी समजतात, म्हणून हे लिहून ठेवते आहे. त्यांचा गैरसमज तेवढा तरी कमी होईल.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत पाणी तपासणाऱ्या एका लहान प्रयोगशाळेत मी नवी लागले होते. पदवी ताजी, वेणी लांब, अक्कल बेताची. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांतून एस.टी.ने यायचं आणि त्यात मीठ किती ते आम्ही काढायचो. म्हणजे प्रयोगशाळेचे साहेब काढायचे, मी मान डोलवायचे. पिवळसर केलेल्या पाण्यात ब्युरेटमधून, म्हणजे आकडे कोरलेल्या उभ्या काचनळीतून, चांदीचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. पाण्यावर तांबूस झाक आली की थांबायचं. माझे थेंब जास्त पडून पाण्याचा हमखास तांबडा जांभा दगड व्हायचा. साहेबांचं पाणी मात्र लाजल्यासारखं जेमतेम तांबूस व्हायचं, आणि त्याच थेंबाला त्यांचा हात थांबायचा. एकच पाणी ते तीनदा तपासत. वहीत आकडे पडत: बारा पूर्णांक चार, बारा पूर्णांक तीन, बारा पूर्णांक चार.

रसायनतज्ज्ञांची मुंबईतली एक संस्था दरवर्षी देशातल्या उत्तम विश्लेषकाला पदक देई. मोठ्या शोधाला नाही, टेबलापाशी उभं राहून केलेल्या कामाला. त्याची सूचना आली की साहेब ती वाचत, घडी घालत आणि खणात ठेवत. एकदा मी दोरा शोधायला तो खण उघडला, तर आत वीसेक घड्या.

“साहेब, एकदाही अर्ज नाही केलात?”

“स्वतःची आरती स्वतः ओवाळायची काय? खण लावा तो.”

पण त्या जूनमध्ये ते निवृत्त होणार होते, आणि निवृत्ताला पदक मिळत नसे. मी आठवडाभर डोकं खाल्लं तेव्हा कुठे ते “बघा काय ते” म्हणाले. अर्जासोबत तीन वर्षांच्या नोंदींची नक्कल हवी होती. मूळ वही कचेरीबाहेर न्यायची नाही असा नियम. टंकयंत्र बिघडलेलं. मग माझ्याशिवाय कोण?

नक्कल करताना माझ्या लक्षात आलं की साहेबांचे तीन आकडे कधी म्हणजे कधी तंतोतंत जुळत नाहीत. त्यांचा हात अलीकडे थोडा थरथरायचा. अगोबाई, म्हटलं, हे पदकाच्या समितीला कळलं तर? आमच्या कॉलेजात जर्नलमध्ये तिन्ही आकडे सारखे असले तरच मास्तर सही करायचे. त्यामुळे आम्ही मुली एकदाच प्रयोग करायचो, तोच आकडा तीनदा लिहायचो आणि उरलेल्या वेळात चिंचा खायचो. तेच शिक्षण मी इथे कामाला लावलं. बारा चार, बारा चार, बारा चार. पानामागून पान, ठिपक्यांच्या रांगोळीसारखं.

बाटल्या धुणारी मावशी मिरकरवाड्याची. ती दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “बाये, किती लिवतंस? वरातीची यादी हाय काय?”

“पदक येणार आहे मावशी, साहेबांना.”

“मंग पेढं आन. नुसती शाई नको.”

साहेबांनी न वाचताच सही केली. “आकडे माझेच ना? मग मी काय वाचायचं?” असं म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी चहात साखर घालून घेतली. एरवी घेत नसत.

पाऊस तोंडावर आला तेव्हा संस्थेचं पत्र आलं. साहेबांनी ते उभ्यानेच वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. तीन वर्षं, शेकडो नमुने, आणि एकाही नमुन्याच्या तीन वाचनांत केसाइतका फरक नाही. प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या हातून असं घडत नाही. सबब या नोंदी प्रयोगाशिवाय लिहिलेल्या दिसतात, आणि अर्ज विचारात घेतलेला नाही. खाली एक ओळ: प्रत वरिष्ठ कार्यालयास.

त्यांच्या कामाला जो थोडासा फरक खरेपणा देत होता, तो मी शोधून शोधून पुसला होता. रसायनशास्त्राची पदवीधर ना मी!

दोनच दिवसांत वरच्या कचेरीतला कारकून आला. खुर्चीवर रेलून म्हणाला, “काय हो साहेब, पूर्णगडाकडच्या विहिरी खारावतायत म्हणून इतकी वर्षं लिहिताय, ते पण असंच घरबसल्या काय?”

साहेबांनी ब्युरेट भरून घेतली आणि त्या दिवशीचे नमुने करायला लागले. कारकून हसत निघून गेला. त्यानंतर त्या विहिरींबद्दलच्या साहेबांच्या अहवालांना वरून एक उत्तरही आलं नाही. निरोपसमारंभ ठरला होता, तोही पावसाचं निमित्त करून रद्द झाला.

शेवटच्या दिवशी साहेब खण रिकामा करत होते. सगळ्या घड्या त्यांनी मावशीला चुलीसाठी दिल्या. मला राहवेना. रडत, नाक पुसत मी सगळं सांगितलं: चिंचा, जर्नल, थरथरता हात, सगळं. म्हटलं, साहेब, मी आत्ताच्या आत्ता संस्थेला लिहिते, मूळ वही घेऊन मुंबईला जाते, माझं काय व्हायचं ते होवो.

त्यांनी हातातला खण तसाच टेबलावर ठेवला. मग म्हणाले,

“मी ओळखलं होतं हो, पत्र वाचलं तेव्हाच. आता वही दाखवलीत तर म्हणतील, म्हाताऱ्याने नवी लिहून काढली आणि पोरीला पुढे केलं. माझं जायचं ते गेलं, वर तुमची नोकरी कशाला? कुणाला सांगू नका. आणि डोळे पुसा, पाच नमुने बाकी आहेत, ते तेवढे तुम्ही करा. मला आज थेंब दिसत नाहीये.”