दादाचा फोन, माझा फोन

दादाशी मी लहानपणापासून भांडत आले. त्याशिवाय आम्हा दोघांना जेवण गोड लागत नसे. पण कांद्याच्या निर्यातबंदीवरचं भांडण फोनवर झालं आणि तिथेच नासलं. चांदवडजवळच्या शेतातून तो घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकायचा, नाशिकच्या ऑफिसातून मी उलटे टाकायची. शेवटी त्याने लिहिलं, "तुमी शहरवाले आयतखाऊ." मी तडक ग्रुप सोडला.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आई-वडील गेल्यावर माहेर म्हणजे दादाच. तो तुटला की संपलं. वहिनीचा फोन आला, तशी मानपान गुंडाळून मी एसटी धरली.

जेवायला पुरणपोळी आणि आमरस होता. दादा माझ्याकडे बघेना. दुसऱ्या पोळीला ठिणगी पडलीच.

"कांदा लोकांना परवडत नाही रे," मी म्हणाले.

"कोन म्हनतं? समदे आमच्याच बाजूनं हायेत!"

"माझ्या फोनवर तर सगळे उलटच बोलतात."

रसाने बरबटलेल्या बोटांनी दोघांनी पुराव्यादाखल फोन काढले. वहिनीने ते हिसकावले आणि अदलाबदल करून आमच्या हातात कोंबले. "ह्यांचा तुमाला, ताई, आन् तुमचा ह्यांना. आधी बघा, मंग भांडा. तवर रस मिळायचा नाय."

दादाच्या फोनवर एकामागून एका व्हिडिओत शेतकरी रस्त्यावर कांदे ओतत होते. यातला एकही मला कधी दिसला नव्हता. मला वाटायचं, दादा फुगवून सांगतो. माझ्या फोनवर एक बाई अर्धा कांदा चिरून अर्धा झाकून ठेवत होती. दादाने ते पुन्हा पाहिलं.

"असं खरंच करत्यात का गं?"

"माझी शेजारीण करते. नवऱ्याचं अंबडच्या कारखान्यातलं काम सुटलंय."

त्याने फोन ताटाशेजारी ठेवला. "मला वाटायचं, तू उगा टोचायला बोलतीस."

"मलाही तुझ्याबद्दल तेच वाटायचं," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. वहिनीने दोघांना रस वाढला.

निर्यातबंदीवर आमचं आजही जमत नाही. पण आता तोच फोन करतो: "तुज्याकडं काय म्हनत्यात? माज्याकडं समदे माज्यासारखंच बोलत्यात, लय कंटाळा येतो."

त्या दिवशी निघताना त्याने एसटीत कांद्याची गोणी चढवली.

"अर्धी तुजी, अर्धी त्या शेजारणीची," तो म्हणाला. "आन् तिला सांग, बंदी चूकच हाय."