गोणीतला समुद्र

माझ्या दूरदेशी राहणाऱ्या नातवंडांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू खरंच वाडीत समुद्र आणलास?" मागे तुमचा बाबा तोंडावर हात धरून हसत होता. म्हणून आता लिहायला बसले. त्याने सांगितलेली गोष्ट खोटी नाही, पण माझा वेंधळेपणा निदान नीटनेटका तरी सांगितला जावा, आणि ते काम मलाच जमेल.

श्रीवर्धनची आपली वाडी समुद्राला लागून. वादळात पडलेल्या पोफळींच्या जागी नवी रोपं लावली, तशी उन्हाळ्यात विहीर लवकर तळाला जायला लागली. बाबा म्हणाला, "खोल बोअर मारू. खाली खारं पाणी असेल तर मात्र वाडी विकू, तू माझ्याकडे ये." मला वाडी सोडायची नव्हती. आधी जमिनीखालचा खडक तपासून घ्यायचं ठरलं.

तपासणीला पनवेलहून एक भूगर्भशास्त्र शिकलेली मुलगी येणार होती. पाहुणे यायचे म्हणून लोक घर आवरतात, मी जमीन आवरली. झावळ्या उचलल्या, आळी सारखी केली. विहिरीजवळच्या माडांना आपण दरवर्षी मुळाशी मीठ घालतो, तेही आदल्या दिवशी गोणी उघडून उरकलं. वाडी हेळसांडीची दिसू नये म्हणून हात जरा सैल सोडला, वर पाणी शिंपडलं.

मुलगी आली. मी तिच्याशी इंग्रजीत बोलायला लागले, ती मराठीत उत्तरं देत राहिली. अखेर दमून मीही मराठीवर आले.

तिने माडांच्या रांगेतच चार लोखंडी खुंट्या ठोकल्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडायची आणि जमीन ती किती अडवते ते आतल्या दोन्हींवर मोजायचं. कोरडा कातळ खूप अडवतो, ओला कमी, आणि खारं पाणी जवळजवळ अडवतच नाही. खुंट्या लांब लांब नेल्या की खोलवरचं कळतं. हे सगळं मी माझ्या धाकट्या जावेला, म्हणजे तुमच्या धाकट्या आजीला, अशा थाटात समजावलं की जणू यंत्र माझ्याच माहेरचं. विहीर आमची दोघींची सामाईक आहे.

पहिलाच आकडा पाहून मुलगी म्हणाली, "आजी, इथे तर जमीन वीज अडवतच नाहीये."

"म्हणजे खारं!" मी म्हटलं.

"तरी मी म्हणत होते, चहा मचूळ लागतो," जाऊ म्हणाली.

मी पुढचं काही ऐकलंच नाही. सरळ बाबाला फोन लावला आणि आवाज शक्य तितका घट्ट ठेवून सांगितलं, "समुद्र आत आलाय. वाडी विकायला काढ." मग पायरीवर बसून डोळे पुसले. तेही घडी घातलेल्या रुमालाने.

तोवर मुलीने खुंट्या लांब नेल्या होत्या. ती गोंधळून आली. "आजी, समुद्राचं पाणी असेल तर ते खालून वर येतं. तुमच्याकडे वरच्या मातीत खार आहे आणि खाली कमी कमी होत जातोय. असा समुद्र मी अजून पाहिला नाही."

जावेने माडाच्या आळ्यात पाहिलं, मग माझ्याकडे. "अगं मुली, आमच्या जाऊबाईंचा समुद्र गोणीतून येतो!"

दोघी इतक्या हसल्या की शेवटी मलाही हसावं लागलं.

मग खुंट्या पोफळींच्या बाजूला नेल्या. तिथे मी मीठ घातलं नव्हतं. मुलीने कागदावर चित्र काढून दाखवलं: वर वाळू, तिच्याखाली गोड्या पाण्याने भिजलेला, भेगा पडलेला खडक, मग घट्ट काळा कातळ. फार खोल गेलं तर समुद्राकडच्या बाजूला मात्र खरोखरचा खार. "बोअर मारली तर तो वर ओढाल," ती म्हणाली. "विहिरीतला गाळ काढा आणि पंप सारखा चालवू नका."

मी बाबाला पुन्हा फोन केला. "विकू नकोस."

"आई, मघाशी तूच..."

"मघाशी मीठ जास्त झालं होतं."

बोअर मारली नाही, गाळ काढला. माडांना अजूनही मीठ घालते, पण हात आखडून, आणि जाऊ शेजारी उभी असते. नव्या पोफळी जगल्या आहेत. वाडी आपलीच आहे, आणि विहिरीचं पाणी गोड आहे.